बीम उतरेपर्यंत

मथुरामावशीच्या खोलीत रिकाम्या हातानं बसायची सोय नव्हती. पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार, ती आधी म्हणायची, "हात पुढं कर." समोरच्यानं गोंधळून हात पुढे केले की दोन्ही मनगटांवर सुताची लड चढायची. मग मावशी समोर मांडी घालायची आणि त्या लडीचा गुंडा वळायला घ्यायची. गुंडा पुरा होईपर्यंत माणूस अडकला. एका उमेदवाराला तिनं असं बसवून रस्त्यातल्या खड्ड्यांपासून रेशनच्या तांदळापर्यंत सगळं ऐकवलं होतं. बिचाऱ्याला नमस्कार करून निघताही येईना.

मीही तिला पहिल्यांदा भेटले ती अशीच अडकून. बाबा लूम, म्हणजे यंत्रमाग, कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात धान्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असत, आणि मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. दहावीच्या सुट्टीत कामतघर या लूमच्या वस्तीतल्या चाळींमधून पत्रकं वाटायची ड्युटी माझ्याकडे आली. एका लूम कारखान्याला लागून असलेल्या चाळीत शेवटची खोली मावशीची होती. मी गठ्ठा पुढे केला, तिनं तो काढून घेऊन बाजूला ठेवला आणि माझ्या हातांवर लड चढवली.

"आता बोल. काय वाटाया आलीस?"

"पत्रक आहे मावशी. हात सोडा, वाचून दाखवते."

"कागदात बघून कशाला? तुज्या पोटात काय हाय ते बोल."

मला तोंडपाठ होतं. मी सुरू केलं, "कामगार बंधू-भगिनींनो..."

"भगिनी कोन? आता तर मना मावशी बोललीस."

कारखान्यातल्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या बाईचा आवाज होता तो. शुक्रवारी सुट्टी म्हणून लूम बंद असले तरी तो खाली यायचा नाही, त्यामुळे शुक्रवारी तिच्या घरातलं सगळं अख्ख्या चाळीला कळायचं. मी बारा तासांच्या शिफ्टबद्दल, आठ तासांच्या मागणीबद्दल बोलत राहिले. तिनं गुंडा वळता वळता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बराबर बोलतेस. पन माजं काय? माज्या घरात तर तीन शिफ्ट चालतान."

ते खरं होतं. सकाळची शिफ्ट टकळीची, दुपारची क्रोशाची, संध्याकाळची मागाची. टकळी ती नगरपालिकेच्या शाळेत शिकलेली, तेवढीच शाळा तिच्या अंगाला लागली होती. क्रोशा शिकवला शेजारच्या हसीनाखालानं. माग शिकवला नवऱ्यानं. मूळची ती कोन गावची, शेतकऱ्याघरची. कारखान्यात काम करणाऱ्या वामनकाकाशी लग्न केलं म्हणून भावांनी दार लावलं. मग तीही कारखान्यात लागली, कांडीवाली म्हणून. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या पोटात जी सुताची कांडी बसते, ती भरायचं काम. मशीनसमोर उभं राहून कांड्या भरायच्या आणि त्या दुसऱ्यांच्या लूमवर जायच्या. ती म्हणायची, "माज्या हातातनं किती सूत गेलं त्याची गनती न्हाय. पन कापड मी कवा बघितलंच न्हाय. कांडी गेली की गेली."

घरात मात्र काहीच जात नव्हतं, कारण काहीच पुरं होत नव्हतं. छताच्या हुकाला एक जुनी छत्री उलटी टांगलेली होती, तिच्या पोटात रंगीत गुंडे. तांदळाच्या डब्यात क्रोशाचं तोरण. त्यावरच्या मोरांना पिसारे होते, डोकी नव्हती. उशीच्या अभ्र्यात टेबलक्लॉथ, जो माझ्या लग्नात मिळणार होता. मी लग्नाचं नाव काढेना आणि ती टेबलक्लॉथचा चौथा कोपरा काढेना, त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही. हसीनाखालाच्या नातवासाठी टोपी घेतली होती विणायला. ती होईपर्यंत नातवाचं डोकं मोठं झालं. मावशीनं टोपी उसवून मोठी करायला घेतली, तोवर नातवाला मिशी फुटली. शेवटी त्या टोपीला खालून दोरी ओवून हसीनाखालानं तिच्यात लसूण ठेवला.

"मथुरा, तुझ्याकडून कफन शिवून घ्यावं," हसीनाखाला म्हणायची. "आदमी मरायचाच नाही."

"घाल ना ऑर्डर. पन ताकीद देऊन ठेवते, मधी लय काम हाय."

माझी पत्रकं तिनं फेकली नाहीत. गुंडा वळायला मध्ये काहीतरी घट्ट लागतं, त्यासाठी ती पत्रकाची घडी वापरायची. मी चिडले तर म्हणाली, "तुजा कागद कडक हाय गो. बाकीच्या पार्टीवाल्यांचा लगेच मऊ पडतो."

या सगळ्या पसाऱ्यात एकच गोष्ट नीटनेटकी होती. खिडकीखालचा माग. दाराच्या फळीएवढा अरुंद, खोक्यांच्या लाकडाचा, काही तुकडे भंगारातल्या लूमचे. वामनकाका जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. बायकोनं एकदा तरी आपलं कापड बघावं म्हणून त्यानं हा माग फावल्या वेळात ठोकून बनवला. त्याच्यावर उभे धागे गुंडाळलेला रूळ, म्हणजे बीम, त्यानंच चढवला. कारखान्यात उरलेलं रंगीबेरंगी सूत गाठी मारून जोडलेलं. हौस दांडगी, त्यामुळे बीमवर सूत गुंडाळलं तेही दांडगं. आणि मावशीचं जेमतेम वीतभर कापड झालं असेल, तर एका दुपारी, मी तिला भेटायच्या आधीच, कारखान्यात छातीत कळ येऊन वामनकाका गेला.

खोली नोकरीबरोबर आलेली. नोकरी संपली की खोली संपली, नवा जॉबर येणार. दहावं झाल्यावर कारखान्याचे मालक हाजीशेठ भेटायला आले. जुन्या मालकांपैकी माणूस, इथल्याच मातीतला, पांढरी दाढी, बोलणं कमी. मावशी खोली कधी सोडणार हे विचारायला ते आले होते, हे तिलाही माहीत होतं आणि दारात उभ्या चाळीलाही. त्यांची नजर मागावर गेली. त्यांनी धाग्यांवरून बोट फिरवलं.

"वामननं लावला?"

"त्यानंच."

त्या काळी लूमवाल्यांत एक रीत होती. कामगाराला काढायचं असलं किंवा तो गावाला निघाला असला, तरी त्याच्या लूमवर चढलेला बीम उतरेपर्यंत, म्हणजे त्यावरचं सूत विणून संपेपर्यंत, त्याला हलवत नसत. हाजीशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "मग बीम उतरेपर्यंत खोली तुमची, वहिनी. माझा शब्द."

ते काय बोलून बसले हे त्यांना तेव्हाच कळलं होतं की नंतर, हे कोणालाच सांगता येणार नाही. मावशीला मात्र लगेच कळलं. तिनं स्वतःला दोन नियम घालून घेतले. मागावरचं एकदा विणलेलं उसवायचं नाही. आणि एक दिवसही माग बंद ठेवायचा नाही. रोज संध्याकाळी ती मागावर बसायची, धोटा दोन-चारदा इकडून तिकडे टाकायची, फणी ठोकायची आणि उठायची. उरलेला सगळा दिवस कामात. टकळी, तोरण, टोपी, टेबलक्लॉथ, कुणाच्या तरी बाळाचं टोपरं, कुणाच्या तरी देवाचं आसन. एक पुरं व्हायला आलं की दुसरं काढायची, नाहीतर आहे तेच उसवायची.

"आणि मागावरचं का उसवत नाहीस?" मी विचारलं होतं.

"ती चोरी झाली गो. शेठनं काय सांगितलं? बीम उतरेपर्यंत. मी उतरवते का न्हाय? रोज उतरवते. आता माज्यामागं एवढी कामं पडली हायेत, त्याला मी काय करू?"

"पण ती कामं तूच काढतेस!"

"मंग कोन काढील? शेठ?"

दर ईदला हाजीशेठ शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे. लड हातावर घेऊन बसायचेही. मागाकडे बघत विचारायचे, "वहिनी, अजून आहे?"

"बघा ना शेठ, ही टोपी राहिलीय. ती पयली हातावेगली करते."

"करा, करा. घाई नको." आणि दाढीत हसायचे.

मला हे हसणं सहन व्हायचं नाही. कॉलेजात गेल्यावर तर अजिबातच नाही. एका माणसाच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्या माणसाच्या दाढीतल्या हसण्यावर अवलंबून असावं, याचा मला संताप यायचा. मी तिच्याशी भांडायचे. म्हणायचे, मावशी, ही मेहरबानी आहे. वामनकाका इथे राबून मेला, तू इथे राबलीस, या खोलीवर तुझा हक्क आहे. मेहरबानी आज आहे, उद्या नाही.

ती क्रोशाची सुई केसात खोचून ऐकायची. "तुज्या हक्काला दार हाय का? मेहरबानीला हाय बघ. कडी पन हाय."

"मालक बदलला तर?"

"तवा तुजं पत्रक काढ. आता चहा घे, निवतो."

मला आजही वाटतं की त्या वादात मी बरोबर होते. फक्त एक गोष्ट मी तेव्हा धरली नव्हती. शेठचा शब्द ती भीक म्हणून घेत नव्हती. तो एक करार होता, आणि आपल्या बाजूनं ती तो रोज पाळत होती. ताप असला तरी, बोटं सुजली तरी. एकदा तिला दवाखान्यात ठेवलं होतं, तर तिच्या सांगण्यावरून हसीनाखाला रोज येऊन एकदा धोटा टाकून जायची. "सही करून आले," असं ती मावशीला सांगायची.

मग हाजीशेठ गेले. मावशी दाराशी बसून रडली. त्या संध्याकाळी तिनं माग नेहमीसारखा चालवला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत कामतघर बदललं. सूत महागलं, कापड पडून राहिलं, आणि मालकांनी लूम भंगारात काढले. ज्या लूमवर माणसांनी बारा-बारा तास उभं राहून पाय सुजवले, ते लोखंडाच्या भावानं ट्रकमध्ये चढले. कोनच्या रस्त्याला आधीच गोदामांची रांग लागली होती, ती आता आत सरकू लागली. हाजीशेठच्या मुलानं, त्याला सगळे छोटे शेठ म्हणायचे, कारखाना बंद केला आणि जागा गोदामाला द्यायचं ठरवलं. चाळीला खोल्या रिकाम्या करायची नोटीस आली. कुठे जायचं, याबद्दल नोटिशीत काही नव्हतं. नोटिशीत ते कधीच नसतं.

त्याच आठवड्यात छोटे शेठ स्वतः मावशीकडे आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन फोन. मावशीनं दोन्ही फोन काढून घेऊन लड चढवली.

"चाची, तुम्ही टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "अब्बांनी सांगून ठेवलंय. तुमचा माग रिकामा होत नाही तोवर तुमची खोली हलणार नाही. कोपऱ्यात आहे, गोदामाची भिंत वळवून घेऊ."

"आनि ह्यांचं?" मावशीनं मानेनं चाळ दाखवली.

"त्यांना अब्बांनी काही शब्द दिला नव्हता."

माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते आहे. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. बापाचा शब्द त्यानं मनापासून पाळायचं ठरवलं होतं, आणि त्या शब्दाच्या पलीकडे कोणी माणसं राहतात हे त्याला दिसत नव्हतं.

चाळीनं संघटनेकडे धाव घेतली. बाबांनी आणि मी घराघरातून फिरून माणसं जमवली, आणि सगळ्यांनी मिळून कोर्टात दावा लावला. सगळ्यांनी म्हणजे मावशी सोडून. तिचं तर काही जात नव्हतं. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही तोंड उघडलं नाही. नळावर बोलणी सुरू झाली. "मावशीचं बरं हाय, दोन धागे टाकायचे, जन्मभर खोली." "आपल्याला कोणी माग नाय दिला बाबा." मावशी बादली भरून निघून जायची. हसीनाखाला मात्र सोडायची नाही, "ए, तिचा मर्द कारखान्यात मेला तेव्हा तुम्ही कुठं होता रे? मेरे को मुंह मत खुलवाओ." खालाची स्वतःची खोली जाणाऱ्या खोल्यांत होती, म्हणून तिला कोणी उत्तर द्यायचं नाही.

मग एका तारखेला मालकाच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की, या चाळीत कोणाचाच हक्क नाही, सगळे मालकाच्या मेहरबानीवर राहत आलेत. पुरावा काय? मथुराबाई. मालकानं दयेपोटी तिला एक सवलत दिली, ती सवलत ती मुकाट्यानं घेते आणि कोणताही हक्क सांगत नाही. ती जशी राहते, तसेच बाकीचे. तिच्यावर दया झाली, इतरांवर नाही, एवढाच फरक.

त्या संध्याकाळी मी आणि बाबा तिच्याकडे गेलो. बाबा तिला भरीला घालायला तयार नव्हते. म्हणाले, "बाईचं छप्पर आहे ते, आपण कोण सांगणार सोड म्हणून?" पण कोर्टात तिचं नाव निघालं होतं, ते तिला कळायला हवं होतं. बाबांनी सावकाश, एकही मोठा शब्द न वापरता सगळं सांगितलं. तिनं त्या दिवशी आमच्या हातांवर लड ठेवली नाही.

"म्हंजे माज्या मागामुलं यांच्या खोल्या जातान?"

"मागामुळं नाही, मथुराताई. पण वकील तसं दाखवतोय."

"हसीनाची पन?"

"सगळ्यांच्याच."

मी पटकन म्हणाले, "मावशी, तू फक्त आमच्याबरोबर अर्जावर ये. सांग, मलाही हक्क हवाय. मागाचं काय ते बघू नंतर."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला कोणाच्या तरी खिशात हात घालायला सांगितलं होतं. "नंतर कसं बघू? त्याच्या बापाचा शब्द खाऊन मी त्याच्यावर दावा लावू? पयला तो पुरा होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे टकळीच्या शिफ्टला, चाळीला मागाचा आवाज आला. आला तो थांबेना. दोन-चार ठोके ऐकायची सवय असलेले लोक दारात आले. मावशी मागावर वाकून बसली होती, धोटा धावत होता, फणी ठोकत होती. दुपारीही तेच. दुसऱ्या दिवशीही. बीमवरचं सूत उतरताना डोळ्यांना दिसायला लागलं.

चाळीनं आपल्या परीनं अर्थ लावला. कोणी म्हणालं, मावशी कोनला भावाकडे निघाली. कोणी म्हणालं, छोट्या शेठनं टेमघरला खोली दिली, सौदा झाला. हसीनाखालाला यातलं काही पटत नव्हतं, पण बीम उतरला की मैत्रीण जाणार एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं तिला सुचलं ते केलं. मावशी नळावर गेली असताना तिनं धोटा उचलला आणि आपल्या पिठाच्या डब्यात पुरला.

मी तिथे पोचले तेव्हा चाळ दणाणली होती.

"माजा धोटा आन."

"कौनसा धोटा? मी बघितला नाही."

"हसीना, तुज्या कोपराला पीठ लागलंय."

"रोटी केली."

"या टायमाला?"

हसीनाखाला एकदम रडायलाच लागली. "हां, मी घेतला. देणार नाही. आमचं जे व्हायचं ते होईल, तुला काय घाई झालीय बाहेर पडायची? मी जाईन मुंब्र्याला मुलीकडे. तुला कोण आहे? भाऊ दार उघडेल?"

मावशी खाली बसली. "मी कुटं जात न्हाय गो, येडे. तो बीम हाय तवर मी शेठची पावनी. पावनीनं यजमानाशी भांडायचं कसं? बीम उतरला की मी तुज्यासारकी. मंग तू न् मी, दोगी भांडू त्याच्याशी."

"आणि हरलो तर?"

"तर तू मुंब्र्याला जाशील ना? मना ने."

खालानं ओढणीनं डोळे पुसले. मग उठून आत गेली आणि धोटा घेऊन आली. मावशीनं तो पदरानं पुसला, फुंकला, तरी पुढच्या टीचभर कापडात पीठ उतरलंच. ते तसंच राहिलं. हसीनाखाला मागाच्या बाजूला बसली आणि तिला कांड्या भरून देऊ लागली.

शेवटच्या दिवशी बीमचं लाकूड उघडं पडलं. प्रत्येक बीमच्या शेवटी थोडं सूत असं राहतं, जे विणता येत नाही. ते कापावंच लागतं. वामनकाकानं रुळाला मारलेल्या गाठी तिथे होत्या, रांगेनं. मावशीनं त्यांच्यावरून हात फिरवला. मला वाटलं आता ती थांबेल, आणि खरं सांगायचं तर मला क्षणभर वाटलं की तिनं थांबावं. हक्काबिक्काच्या सगळ्या गोष्टी बाजूला राहिल्या असत्या तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "वामन, झालं रे," आणि कात्री चालवली.

कापड घेऊन आम्ही छोट्या शेठच्या ऑफिसला गेलो. तिनं ते टेबलावर उलगडत नेलं. टेबल संपलं, खुर्चीवरून ते जमिनीवर उतरलं. "तुज्या बापानं सांगितलेलं, बीम उतरेपर्यंत. बघ, उतरला. शब्द पुरा झाला. मोटा मानूस होता तुजा बाप."

छोटे शेठ उभे राहिले. त्यांनी कापडाला हात लावला, अब्बांची आठवण काढली, म्हणाले, "चाची, हे तुम्ही आम्हाला देता? मी घरात ठेवीन."

"देत न्हाय. दाखवते." आणि तिनं ते गोळा करून काखेत मारलं. "आता कोर्टात भेटू."

दाव्यात तिचं नाव घातलं गेलं. त्या कापडावर दुसऱ्याच दिवशी तिनं अंगणात सुकट वाळत घातली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कापड हाय, वापराया."

यानंतर ती सुखात राहिली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. चाळीचं पाणी कारखान्याच्या लाइनवरून यायचं, आणि त्याची चावी मालकाच्या आवारात होती. बांधकामाचं निमित्त सांगून मॅनेजरनं ती बंद केली. ऐन उन्हाळ्यात चाळ टँकरवर आली. छोट्या शेठनं मावशीसाठी निरोप पाठवला की, चाचीची सोय वेगळी करतो, आणि रोज पाण्याचा एक जार यायला लागला. मावशीनं तो जार बाहेर पॅसेजमध्ये ठेवला, वर एक फुलपात्र पालथं घातलं. ज्याला तहान लागेल तो प्यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जार यायचा बंद झाला. मग ती कॅन घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायला लागली. कोणी पुढे जा म्हटलं तर ओरडायची, "का? मी काय मेली का?"

पत्रकं मी लिहीतच होते. पाण्यावरही लिहिली. पाणी आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. फार आजारी नव्हती. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी हसीनाखाला चहा घेऊन गेली तर ती उठली नाही. कॅन मी धरला असता, जार मी आत ठेवायला लावला असता, असलं बरंच काही त्या सकाळी माझ्या मनात येऊन गेलं. तिनं ते ऐकून घेतलं नसतं.

छोटे शेठ आले. दारात चप्पल काढून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, पण रागानं म्हणाले, "अब्बांच्या शब्दावर आरामात राहिली असती शेवटपर्यंत. तुम्ही लोकांनी तिला रांगेत उभं केलंत."

माझ्याकडे उत्तर होतं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाकडे उत्तर असतंच. मी तोंड उघडणार एवढ्यात आतून हसीनाखाला बाहेर आली. हातात रिकामी कळशी. ती शेठच्या समोर उभी राहिली. रडत नव्हती.

"शेठ, ते नंतर. आधी चावी खोला. मय्यतीला आंघोळ घालायची आहे, घरात थेंब नाही."

छोट्या शेठनं चपला पायात सरकवल्या. मग वळले आणि मॅनेजरला फोन न करता स्वतःच आवाराकडे गेले. आम्ही पॅसेजमध्ये उभे होतो. बऱ्याच वेळानं पाइपात हवा खोकली, नळातून लालसर, गंजाचं पाणी आलं. खालानं कळशी लावली नाही. "हे नको. साफ येऊ दे," ती म्हणाली, आणि पाणी वाहू दिलं. निवळ धार आली तेव्हा तिनं कळशी खाली धरली. तिच्यामागे उभ्या असलेल्या बायका एकेक करून आपापल्या घरातून हंडे, बादल्या, डबे घेऊन आल्या आणि रांगेत ठेवायला लागल्या.

छोटे शेठ परत आले, त्यांनी ती रांग पाहिली. दावा अजून चालू आहे. ती चावी मात्र त्या दिवशी कोणी बंद केली नाही, आणि त्यानंतरही नाही.